खेड्यातले दुकान, खेड्यातली शाळा आणि हातातला फोन: विदर्भातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वरूड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यातला किराणा दुकानदार, यवतमाळकडचा कृषी केंद्रवाला, समुद्रपूर तालुक्यात हळद विकणारा बचत गट, धारणी-चिखलदऱ्यातली द्विशिक्षकी शाळा, सगळ्यांचे प्रश्न शेवटी तीन गोष्टींशी येऊन थांबतात: लाइन (वीज) असते का, रेंज असते का, आणि घरातला एकुलता एक फोन दिवसभर कोणाच्या खिशात असतो. या तिन्ही धरून बसवलेली व्यवस्था टिकते. शहरातली पद्धत जशीच्या तशी उचलली की ती पहिल्या पावसाळ्यातच बंद पडते. खालची उत्तरे हे गृहीत धरूनच दिली आहेत.

दुकान आणि धंदा

दुकानात क्यूआर लावायचा आहे. घरच्या बचत खात्याचा लावला तर चालेल का?

चालतो, पण लावू नका. दुकानाच्या पैशासाठी वेगळे खाते काढा, शक्य असेल तर चालू खाते. घरखर्च, पीक कर्जाची कपात, विम्याची रक्कम आणि गल्ल्याचे पैसे एकाच खात्यात मिसळले की संध्याकाळी हिशेब लागत नाही. शिवाय काही कारणाने ते खाते गोठले, तर घरही अडते.

आधार, पॅन, बँक पासबुक आणि दुकानाचा एखादा पुरावा एवढ्यावर व्यापारी क्यूआर मिळतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे. तिच्यासाठी कोणी हजार रुपये मागत असेल तर ते त्याच्या भरण्याच्या मजुरीचे आहेत, सरकारचे नाहीत. ग्राहकाने बँक खात्यातून यूपीआयने दिलेल्या पैशावर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क लागत नाही. खर्च असतो तो बोलणाऱ्या साउंडबॉक्सच्या महिन्याच्या भाड्याचा. ते खात्यातून आपोआप कापले जाते. घेताना तीन गोष्टी विचारा: भाडे किती, डबा परत करायचा तर कोणाकडे, आणि कपात बंद कशी करायची.

गिऱ्हाईक म्हणतो पैसे गेले, पण डबा बोलतच नाही. काय करायचे?

डब्याला स्वतःचे सिम असते. तुमच्या गावात ज्या कंपनीची रेंज आहे त्याच कंपनीचे सिम त्यात आहे का, हे पहिल्या दिवशीच बघा. बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच सापडते. डबा गप्प असेल तर आपल्या फोनवर व्यापारी ॲपमधली नोंद बघा. गिऱ्हाइकाच्या फोनवरचे हिरवे चित्र बघून माल देऊ नका. तसे चित्र दाखवणारी खोटी ॲप्स फिरतात. खऱ्या व्यवहाराला १२ अंकी संदर्भ क्रमांक असतो. तो वहीत लिहून घ्या.

पैसे गिऱ्हाइकाच्या खात्यातून गेले आणि तुम्हाला मिळाले नाहीत, तर ते आपोआप परत जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दुकानातल्या व्यवहाराला व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवस आणि माणसाकडून माणसाला पाठवलेल्या पैशाला एक दिवस एवढी मुदत आहे. पुढे उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. हे गिऱ्हाइकाला शांतपणे सांगितले तर भांडण होत नाही. ओळखीचा असेल तर रक्कम उधारीच्या वहीत मांडा, पैसे आले की खोडा.

आठवडी बाजाराच्या दिवशी नेट चालतच नाही. उपाय आहे का?

बाजाराच्या दिवशी एका टॉवरवर चार-पाच गावांची माणसे येतात, म्हणून रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात आणि पैसे मात्र फिरत राहतात. यूपीआय लाइटने बराच फरक पडतो. त्यात एका वेळी १,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय देता येतात आणि आगाऊ ५,००० रुपयांपर्यंत ठेवता येतात. दर वेळी बँकेच्या खात्यापर्यंत जावे लागत नसल्याने व्यवहार अडकण्याचे प्रमाण कमी होते. भाजी, चहा, किराणा यांच्या रकमा त्यातच बसतात. नेहमीच्या गिऱ्हाइकांना ते सुरू करून द्या. ज्यांच्याकडे बटणाचा फोन आहे त्यांच्यासाठी *९९# आणि यूपीआय १२३पे या नेटशिवाय पैसे देण्याच्या सोयी आहेत, पण पहिल्यांदा बँकेत जोडलेला मोबाइल क्रमांक तोच आहे याची खात्री करावी लागते.

एक इशारा. रेंज वाढवणारे बूस्टर बाजारात मिळतात. विनापरवाना ते लावणे बेकायदेशीर आहे आणि त्यामुळे शेजारच्या घरांची रेंज बिघडते. त्यापेक्षा फोन दुकानाच्या टॉवरकडच्या बाजूला, उंचावर ठेवा आणि दुसऱ्या फोनला हॉटस्पॉट द्या. टिनाच्या शेडमध्ये एवढ्यानेही काम भागते.

बँकेने खाते गोठवले. कोणाचे तरी फसवणुकीचे पैसे आले म्हणतात. आता?

चोरीचे पैसे फिरत फिरत तुमच्या क्यूआरवर येतात, म्हणजे कोणीतरी त्या पैशाने तुमच्याकडून मोबाइल, खत किंवा सोन्याची वस्तू घेतलेली असते. दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांनी तक्रार नोंदवली की बँक रक्कम अडवते. बँकेत जाऊन लेखी मागा: तक्रार क्रमांक, पोलीस ठाणे, अडवलेली रक्कम. मग त्या दिवशीचे बिल, स्टॉकची नोंद आणि अर्ज त्या ठाण्याला ईमेलने आणि बँकेला हातोहात द्या, पोच घ्या. वादातली रक्कम तेवढी अडवून बाकीचे खाते मोकळे करावे, अशी मागणी अर्जात स्पष्ट लिहा. ज्याच्याकडे बिल असते त्याचे काम लवकर होते. म्हणून पाच हजारांवरच्या विक्रीला अनोळखी माणसाचे नाव, फोन आणि बिल हा नियम आजपासूनच ठेवा.

फोनवर पैसे घेतले की टॅक्स मागे लागतो, हे खरे का?

कर व्यवहारावर असतो, तो रोखीने झाला की फोनने यावर नाही. मालाची विक्री वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. सेवेसाठी ही मर्यादा २० लाख आहे. उलट प्राप्तिकराच्या अनुमानित नफ्याच्या पद्धतीत रोखीच्या विक्रीवर ८ टक्के नफा धरतात आणि बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के. डिजिटल घेणाऱ्याचा त्यात फायदाच आहे.

व्हॉट्सॲप साधे ठेवावे की बिझनेस घ्यावे?

दुकान असेल तर बिझनेस. ते मोफत आहे आणि खेड्यातल्या धंद्यासाठी आजच्या घडीला इतके उपयोगी दुसरे साधन नाही. फेसबुक पान, इन्स्टाग्रामचे रील हे सगळे नंतर. आधी एवढे करा:

दुकानासाठी वेगळा क्रमांक घ्या. तोच क्रमांक साध्या आणि बिझनेस अशा दोन्ही ॲपवर एका वेळी चालत नाही. आहे तोच क्रमांक हलवायचा असेल तर आधी बॅकअप घ्या, नाहीतर जुन्या गप्पांतली उधारीची नोंद जाते.

प्रोफाइलमध्ये दुकानाचे नाव पाटीवर आहे तसे, वेळ, आणि बसस्टँड किंवा ग्रामपंचायतीपासूनची खूण लिहा. कॅटलॉगमध्ये ५०० वस्तू बसतात, पण पहिल्या महिन्यात ३० पुरेत. ज्याची चौकशी रोज होते तेच टाका. किंमत बदलणाऱ्या वस्तूंना किंमत लिहू नका, "आजचा भाव विचारा" लिहा. जुना भाव राहिला की गिऱ्हाईक तोच धरून बसतो, आणि त्याचे चूक नसते.

"दुकान सकाळी ८ ते रात्री ८, दुपारी १ ते ३ बंद, सोमवारी बाजाराला" असे स्वागताचे उत्तर एकदाच लिहून ठेवा. कोणी पहिल्यांदा लिहिले, किंवा १४ दिवसांनी पुन्हा लिहिले, की ते आपोआप जाते. लेबल लावा: "उधारी", "माल मागवला", "चुकारा झाल्यावर". कापसाचा चुकारा झाल्यावर, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे हाती आल्यावर देतो म्हणणारे कास्तकार कोण, हे डिसेंबरात एका बोटावर दिसते.

ब्रॉडकास्टमध्ये एका यादीत २५६ जण बसतात, मात्र ज्यांनी तुमचा क्रमांक फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच संदेश पोचतो. "मी पाठवतो पण कोणालाच जात नाही" या तक्रारीचे कारण हेच. बिल देताना गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये तिथल्या तिथे क्रमांक साठवून द्या. आणि परवानगीशिवाय शेकडो अनोळखी क्रमांकांवर जाहिरात पाठवू नका. लोकांनी तक्रार केली की क्रमांक बंद होतो, आणि त्याबरोबर सगळी नोंदही.

कृषी केंद्राच्या स्टेटसवर काय टाकावे?

टाका: कोणते खत आज आले, किती गोण्या, दुकान किती वाजता उघडेल. अनुदानित खतासाठी आधार आणि अंगठा लागतो, त्यामुळे ज्याच्या नावावर घ्यायचे त्यानेच यावे, हेही लिहा. लोकांची वीस किलोमीटरची फेरी वाचते. भाव टाकला तर तारीख आणि बाजार समितीचे नाव घाला. तारीख नसलेला तुरीचा किंवा सोयाबीनचा भाव आठवडाभर गटागटांत फिरतो आणि अडत्याच्या दारात वाद होतो.

टाकू नका: दोन-तीन औषधे मिसळून "एका पंपाला इतके" असे तयार मिश्रण. पाठीवरच्या १५-१६ लिटरच्या पंपाचे प्रमाण आणि पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाचे प्रमाण वेगळे असते, पण पुढे पाठवताना लोक ती ओळ गाळतात. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले. त्या जिल्ह्यात आणि आसपास औषध विकणाऱ्याने लेबलचा स्पष्ट फोटो टाकावा, सोबत हातमोजे-मास्क वापरण्याची सूचना टाकावी, आणि मिश्रणाचा सल्ला समोरासमोर, पीक बघून द्यावा.

तणनाशक सहन करणारे म्हणून विकले जाणारे एचटीबीटी कापूस बियाणे देशात मंजूर नाही. मे-जूनमध्ये त्याच्या जाहिराती स्टेटसवर दिसतात. असे बियाणे विकणे हा गुन्हा आहे, आणि कास्तकाराकडे पक्के बिल नसल्याने उगवण झाली नाही तर त्याला कुठेच दाद मागता येत नाही.

गूगल मॅपवर दुकान दुसऱ्याच गावात दिसते.

विदर्भात एकाच नावाची गावे तालुक्यागणिक आहेत, त्यामुळे पत्ता लिहून पिन बरोबर पडत नाही. दुकानाच्या दारात उभे राहून, उपग्रहाचे चित्र लावून, पिन हाताने छपरावर आणा. नावात गावाबरोबर तालुकाही घाला. पडताळणी बहुधा व्हिडिओने होते: रस्ता, पाटी, शटर उघडताना आणि आतला माल, हे न थांबता एका सलग चित्रीकरणात दाखवायचे. रेंज नसेल तर चित्रीकरण चढत नाही. तालुक्याला जाऊन करता येत नाही, कारण दुकान दाखवायचे असते. पहाटे सहाच्या सुमारास प्रयत्न करा, तेव्हा टॉवर मोकळा असतो.

आमचा बचत गट जवसाची चटणी आणि हळद पुण्या-मुंबईला पाठवू इच्छितो.

तीन गोष्टी आधी: अन्न सुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक, लेबल, पॅकिंग. लेबलवर उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, घटक, तयार केल्याचा आणि वापरण्याचा कालावधी, किरकोळ किंमत आणि तक्रारीचा फोन हवा. वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, पण ते नाव त्याच पट्ट्यातल्या हळदीलाच लावता येते.

चटणीत तेल असेल तर पिशवी प्रवासात फुगते आणि सांध्यातून झिरपते. दुहेरी सील करा आणि पाठवण्याआधी भरलेली पिशवी रात्रभर वजनाखाली आडवी ठेवून बघा. कुरिअरवाले वजन दोन रीतीने मोजतात: काट्यावरचे, आणि लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये गुणून त्याला ५,००० ने भागून आलेले. जे जास्त, त्याचे पैसे. ३० × २० × २० चा खोका म्हणजे २.४ किलो, आत माल एक किलोच का असेना. खोके लहान घ्या. माल पोचल्यावर पैसे ही सोय सुरुवातीला देऊ नका; परत आलेल्या पार्सलचे दोन्हीकडचे भाडे गटालाच पडते.

मोठ्या ऑनलाइन मंचावर विकायचे तर, १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेखालच्या लहान विक्रेत्याला राज्यातल्या राज्यात जीएसटी नोंदणीशिवाय माल विकता येतो; जीएसटी पोर्टलवर एक नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. राज्याबाहेर मात्र नोंदणी लागते.

शाळा

पालकांचा व्हॉट्सॲप गट कसा चालवावा?

वर्गाचा एक गट, आणि संदेश फक्त शिक्षकांनी टाकायचे, अशी सेटिंग. खुला गट आठवड्याभरात शुभ सकाळ, राजकारण आणि जाहिरातींनी भरतो, आणि परीक्षेची सूचना त्यात बुडते. पालकांना काही विचारायचे तर शिक्षकाच्या फोनवर, ठरलेल्या वेळेत.

संदेश संध्याकाळी सात ते आठच्या दरम्यान टाका. दिवसा फोन वावरात असतो, वडिलांच्या खिशात. घरी येतो तेव्हाच आई आणि मूल तो बघतात. दिवसाला एकच संदेश, त्यात एकच काम. "उद्या शिष्यवृत्तीसाठी पासबुकची झेरॉक्स" एवढेच. नाव जोडताना आईचाही क्रमांक मागा. नोकरीला, वीटभट्टीला किंवा ऊसतोडीला बाहेरगावी गेलेल्या बापाच्या फोनवर सूचना जात राहते आणि घरी कोणाला पत्ता नसतो.

अर्ध्या पालकांना वाचता येत नाही, काहींकडे फोनच नाही.

आवाजाचा संदेश करा, ४० सेकंदांच्या आत, घरच्या बोलीत. मेळघाटात कोरकूत, गडचिरोलीत गोंडी किंवा माडियात, इतरत्र वऱ्हाडी किंवा झाडीबोलीत. शिक्षकाला ती बोली येत नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीतली एखादी आई बोलू शकते. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांची यादी वर्गाच्या हजेरीपटाच्या आतल्या पानावर ठेवा आणि तीच सूचना मुलाच्या वहीत लिहून द्या. शाळेच्या दारातला फळा पुसू नका. गटात जे जाते ते फळ्यावरही जावे. गटात टाकले म्हणजे सगळ्यांना कळले, असे धरले की तेवढीच मुले मागे पडतात ज्यांना सूचनेची सर्वांत जास्त गरज होती.

शाळेच्या कार्यक्रमांचे फोटो टाकू का?

हा प्रश्न जितक्या सहज विचारला जातो तितका हलका नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येकजण बालक आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकाची संमती हा त्यातला मूळ नियम आहे. प्रवेशाच्या वेळीच एक कागद भरून घ्या: फोटो शाळेच्या गटात चालेल का, सार्वजनिक पानावर चालेल का, दोन वेगळ्या चौकटी. नाही म्हणणाऱ्या पालकाच्या मुलाला कार्यक्रमात मागे ढकलू नका. फोटो काढताना कोन बदला.

सार्वजनिक पानावर दुरून काढलेला समूहाचा फोटो, नावाशिवाय. मुलींच्या कबड्डीचा, गॅदरिंगच्या नाचाचा जवळून काढलेला फोटो किंवा रील टाकू नका. ते कुठे उतरवले जाते आणि कशाला जोडले जाते यावर शाळेचा ताबा राहत नाही. गणवेश-सायकल वाटपाच्या फोटोत "लाभार्थी" म्हणून मुलाला उभे करणे थांबवता आले तर फार चांगले. ते मूल दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात बसते.

फोटोपेक्षा मोठी चूक याद्यांची होते. शिष्यवृत्तीची यादी, त्यात नाव, आधार क्रमांक, खाते क्रमांक, जात, सगळे एका कागदावर, आणि त्याचा फोटो दीडशे जणांच्या गटात. हे कधीही करू नका. ज्याचे काम अडले आहे त्याला एकट्याला फोन करा. वरिष्ठांनी मागितलेली माहिती पाठवायची तर ती अधिकृत पोर्टलवर भरा, गटात नको.

गटात कोणी भलतेच टाकले तर गटप्रमुख शिक्षकावर गुन्हा होतो का?

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ गटप्रमुख आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही. त्यात त्याचा सामाईक हेतू किंवा आधीचे संगनमत दिसले पाहिजे. तरी मजकूर दिसताच काढा, सदस्याला बाहेर काढा आणि मुख्याध्यापकांना लेखी कळवा. शासकीय कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबाबत राज्य सरकारचा जुलै २०२५ चा निर्णयही आहे: वैयक्तिक आणि कार्यालयीन खाते वेगळे ठेवायचे, आणि परवानगीशिवाय कार्यालयीन कागद बाहेर टाकायचे नाहीत.

स्मार्ट टीव्ही आला, वर्षभरात बंद पडला. असे का होते?

बहुतेक वेळा टीव्हीचा दोष नसतो, लाइनचा असतो. गावातली न्यूट्रल वायर तुटली की एका फेजवर ४०० व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो आणि त्या क्षणी चालू असलेली प्रत्येक वस्तू जळते. टीव्हीला कमी दाब सोसतो. जास्त सोसत नाही. म्हणून स्टॅबिलायझरपेक्षा आधी दाब वाढताच तोडणारे यंत्र, इलेक्ट्रिशियन ज्याला हाय-लो कट-ऑफ म्हणतात, ते मीटरच्या पुढे बसवा.

दुसरे अर्थिंग. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि खड्ड्यातल्या पत्र्यापासून सुटते. पावसाळ्यात तपासलेले अर्थिंग एप्रिलमध्ये निकामी असते. उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी त्या खड्ड्यात टाका. कोळसा-मीठ दर दोन-तीन वर्षांनी भरा. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामधला दाब मोजून घ्या. तो दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त असेल तर काम करून घ्या.

तिसरे वीज पडणे. जूनमध्ये आणि परतीच्या पावसात आभाळ भरले की प्लग काढा. बटण बंद करून भागत नाही. डिशची आणि नेटची वायरही काढा. दाब तिथूनही येतो. उन्हाळी सुट्टीत टीव्ही उतरवून झाकून ठेवा, मागच्या जाळीत पाली आणि मुंग्या घर करतात.

इन्व्हर्टरचा हिशेब असा: १२ व्होल्टची १५० एएच बॅटरी म्हणजे १,८०० वॅट-तास. प्रत्यक्षात ९०० ते १,००० मिळतात. ४३ इंची टीव्ही ८० ते १०० वॅट, राउटर १०, साधे दोन पंखे १५०. म्हणजे साडेतीन तास. पंखे ३० वॅटचे बीएलडीसी घेतले तर सहा तासांच्या जवळ जाते. बॅटरीत डिस्टिल्ड पाणी कोणी टाकायचे, त्या माणसाचे नाव भिंतीवर लिहा. आणि शाळेच्या बिलाची सोय आधी करा, कारण बिल थकले की कनेक्शन कापले जाते आणि टीव्हीवर धूळ बसते.

इंटरनेट नाही. मग डिजिटल शिकवणे कसे?

अमरावती जिल्ह्यातले हरिसाल २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून देशभर गाजले. त्याच मेळघाटातल्या अनेक गावांना आजही झाडाखालची रेंज शोधावी लागते. म्हणून आधी साठवा, मग शिकवा. बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआरमधून दीक्षा ॲपवर जाणारे धडे तालुक्याच्या ठिकाणी, वायफायवर उतरवून घ्या. नंतर नेटशिवाय चालतात. ई-बालभारतीवर पुस्तकांच्या पीडीएफ मोफत आहेत. यूट्यूबवर ४८० च्या दर्जाला तासाला साधारण अर्धा जीबी जातो, त्यामुळे शिक्षकाच्या दिवसाच्या पॅकवर वर्ग चालवणे परवडत नाही.

पेन ड्राइव्ह टीव्हीला दिसत नसेल तर तो एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. आवाज येतो पण चित्र नाही, तर फाइल नव्या एच.२६५ पद्धतीची आहे. जुन्या टीव्हीला एच.२६४ ची एमपी४ लागते. पन्नासच्या वर मुले आणि चार-पाच टॅब असतील तर कोलिब्रीसारखी मोफत प्रणाली एका लहान संगणकावर टाकून वर्गातच नेटशिवाय वायफायने धडे देता येतात.

ऑनलाइन माहिती भरताना नावे जुळत नाहीत.

युडायस (देशपातळीवरची शाळांची माहिती), सरल (राज्याचे शाळा-विद्यार्थी पोर्टल), अपार (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक) या सगळ्यांत अडते ते एकाच ठिकाणी: शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात एक नाव, आधारवर दुसरे. "मारोती" आणि "मारुती", मधले नाव आजोबांचे, जन्मतारीख सरसकट १ जानेवारी. शाळेचे रजिस्टर आधारप्रमाणे खोडून बदलू नका. जन्म दाखला बघा. आधार चूक असेल तर आधार दुरुस्त करून घ्या. पहिलीच्या प्रवेशालाच हे केले तर दहावीच्या बोर्डाच्या अर्जापर्यंत त्रास राहत नाही. पोर्टल सकाळी सहा ते नऊ नीट चालते, शेवटच्या तारखेला चालत नाही. शाळेचा पासवर्ड सेतू केंद्राच्या संगणकावर साठवून येऊ नका.

एआयने प्रश्नपत्रिका काढली तर चालेल का?

सरावाच्या प्रश्नांना चालते. इयत्ता, धड्याचे नाव आणि धड्यातला उतारा दिला तर बरे प्रश्न येतात. नुसते नाव दिले तर धड्यात नसलेली माहिती येते. मराठी जोडाक्षरे, गणिताची उत्तरे आणि इतिहासातल्या सनावळ्या स्वतः तपासा. मुलांची नावे, गुण, आजार यांतले काहीही त्यात टाकू नका.

सातवीची मुले इन्स्टाग्रामवर आहेत. शाळेने काय करावे?

इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपची किमान वयाची अट १३ आहे. जन्मवर्ष खोटे टाकून खाती निघतात. पोरांना रागावून खाते लपते, बंद होत नाही. वर्गात खाते खासगी करणे, अनोळखी माणसाला रोखणे, तक्रार करणे हे हातात फोन घेऊन दाखवा. मुलींना सांगा की कोणी फोटो पसरवण्याची धमकी दिली तर मोठ्यांना सांगितल्याबद्दल शिक्षा होणार नाही. बहुतेक मुली फोन काढून घेतला जाईल आणि शाळा सुटेल या भीतीने गप्प राहतात. चाइल्डलाइन १०९८ हा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असू द्या.

दुकान आणि शाळा, दोघांसाठी

लग्नपत्रिकेची फाइल उघडली आणि फोन विचित्र वागतो आहे.

शेवटी "एपीके" असलेली फाइल पत्रिका नसते, ॲप असते. पीएम किसान, वाहन चलान, बँक केवायसी अशा नावांनीही ती येते आणि ओळखीच्याच माणसाच्या क्रमांकावरून येते, कारण त्याचा फोन आधी गेलेला असतो. लगेच विमान मोड लावा. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून यूपीआय आणि नेट बँकिंग थांबवा, १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करा. पहिल्या तास-दोन तासांत रक्कम पुढे जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. मग ते ॲप काढा. निघत नसेल तर फोन पूर्ण रिसेट करा. ##००२# डायल करून वळवलेले कॉल बंद करा. ज्या गटांत तुम्ही आहात तिथे दुसऱ्याच्या फोनवरून कळवा की तुमच्या क्रमांकावरून आलेली फाइल उघडू नये.

फोन हरवला किंवा बदलायचा आहे.

हरवण्याआधी *#०६# डायल करून १५ अंकी आयएमईआय बिलावर लिहून ठेवा. हरवल्यावर पोलीस तक्रारीच्या प्रतीसह संचार साथी पोर्टलवर फोन बंद करता येतो. व्हॉट्सॲपला सहा अंकी दुहेरी पडताळणी लावा, आणि शाळेच्या गटाला नेहमी दोन गटप्रमुख ठेवा. नव्या फोनवर यूपीआय सुरू केल्यावर पहिले २४ तास ५,००० रुपयांचीच मर्यादा असते. ठोक व्यापाऱ्याचे पैसे ज्या दिवशी द्यायचे, त्या दिवशी फोन बदलू नका.